दत्तारामची पाच नंबर

१९९२च्या जानेवारीत आमची बटालियन पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या छावणीत आली. तिसऱ्या दिवशी सुभेदार साहेबांनी मला गोल्फ कोर्सच्या ड्युटीवर लावलं. मी पायोनियर प्लाटूनचा हवालदार होतो. सुरुंग शोधणं, तारा कापणं, वाट मोकळी करणं हे आमचं काम. पीस स्टेशनला हे काम नसतं, म्हणून पायोनियरच्या हातात फावडं देतात.

कोर्स नऊ होलचा होता. पाण्याची टंचाई, त्यामुळे होलभोवती हिरवळ नव्हती. तिच्या जागी वाळूत जळकं इंजिन ऑइल मिसळून, दाबून सपाट केलेली जागा असते. तिला ब्राउन म्हणतात. नऊही ब्राउन उंचसखल झाले होते. आमचे कंपनी कमांडर मेजर साहेब रोज खेळायचे. त्यांनी विचारलं, "हवालदार, हो जाएगा?"

"हो जाएगा साहब. चौदा दिन."

माझं गाव पेण तालुक्यात, कासू स्टेशनपासून खाडीकडे. घरचा धंदा मिठागराचा. हंगामाआधी मिठाच्या वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. तळ बोटभर खाली-वर झाला तरी पाणी एका कोपऱ्यात पळतं. ही पातळी डोळ्यांना दिसत नाही, तळपायाला कळते. नीट न तुडवलेली जागा तर ताबडतोब कळते. वरून कोरडी असते, आतून पोकळ लागते. मी बूट काढले, चार जवान घेतले आणि ब्राउन तुडवायला लागलो.

त्या चौघांत लान्स नाईक दत्ताराम शेलार होता. गाव खांब, तालुका रोहा. घरी भात आणि वाल. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. ड्युटीवर मला हवालदार म्हणायचा, एरवी दादा.

"दादा, चिखलातनं सुटायला पलटनीत आलो. हितं पण तेच."

"तुडव. बोलू नको."

"आमच्याकडं चिखलणीला बैल असतात."

"म्हणून तर तुला घेतला."

बाराव्या दिवशी मेजर साहेबांनी चेंडू ठेवला आणि ढकलला. चेंडू सरळ गेला. त्यांनी पटर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अब तुम."

गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात; पटर म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायचा क्लब. मी तो प्रॉडरसारखा धरला. प्रॉडर ही सुरुंग शोधायची टोकदार सळई. ती जमिनीत तिरपी आणि हलक्या हाताने घालतात. जोर लावणारा माणूस टिकत नाही. मेजर साहेब म्हणाले, "ग्रिप किसने सिखाया?" मी म्हणालो, "सुरुंगाने, साहब." ते हसले. त्यानंतर रविवारी दुपारी जवानांना खेळायची परवानगी मिळाली.

मला सामानाचा नाद लागला. हे स्पष्ट लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. मेसच्या स्टोअरमध्ये अधिकाऱ्यांनी टाकलेले क्लब पडून होते. मी ते घासून, पुसून वापरून बघायचो. लांब फटक्याचा क्लब म्हणजे ड्रायव्हर; लाकडी डोक्याचा जुना चांगला आवाज करायचा, पण चेंडू उजवीकडे जायचा. मग धातूच्या डोक्याचा मिळाला. चेंडू वीस पावलं पुढे पडायला लागला. मऊ चेंडू सोडून कडक घेतला. रबराची ग्रिप बदलली. माझा खेळ सुधारत होता, आणि प्रत्येक वेळी मी त्याचं श्रेय सामानाला देत होतो.

दत्तारामने स्टोअरमधून एकच क्लब उचलला. पाच नंबरची आयर्न, लोखंडी डोक्याची, मधल्या अंतराची. ग्रिप फाटलेली होती, तिच्यावर त्याने सायकलची ट्यूब गुंडाळली. पहिला फटका तिनेच, वाळूतून तिनेच, ब्राउनवरही तिनेच.

"अरे, पटर घे," मी म्हणायचो.

"कोयता एकच असतो, दादा. झाडागणिक कोण बदलतो?"

"हे कोयत्याचं काम नाय."

"मग तू घे बॅगभर चौदा क्लब. मी जमीन बघून मारतो."

तो नेहमी हरायचा. पण त्याच्या हरण्याचं अंतर कमी होत होतं. आमच्यात ठरलं होतं की पेन्शनवर आल्यावर कासूच्या पडीक मिठागरात एक ब्राउन तुडवायचा. हरणाऱ्याने कोलाडच्या नाक्यावर जेवण द्यायचं.

पुढच्या वर्षी बटालियन फॉरवर्डला, सीमेवर गेली. आमच्या कंपनीची पोस्ट एका धारेवर होती. खालच्या कॅम्पमधून रसद पाठीवर यायची. वाट पाऊण तासाची. वाटेच्या वरच्या अंगाला आमचंच जुनं माइनफील्ड होतं. बर्फ वितळलं की पाण्याबरोबर सुरुंग खाली सरकतात. म्हणून रोज पहाटे पायोनियरने वाट तपासायची, पांढरे झेंडे लावायचे, आणि मगच रसदीची पार्टी वर यायची.

त्या वसंतात सुरुंगातला धातू ओळखणारे नवे डिटेक्टर आले. जुना सेट जड होता. दगडातल्या लोखंडालाही वाजायचा, त्यामुळे दर दहा पावलांना गुडघ्यावर बसून प्रॉडर लावावा लागायचा. नवा हलका होता आणि दगडाला वाजत नव्हता. प्लाटूनला एकच नवा सेट मिळाला. मी तो मागून घेतला.

आदल्या दिवशी दुपारी दत्ताराम खाली कॅम्पात निघाला. दुसऱ्या दिवशी रसदीची पार्टी आणायची त्याची पाळी होती. जाताना तो माझ्या बंकरपाशी थांबला. मी नव्या सेटची बॅटरी तपासत होतो.

"नवी नवरी आणली वाटतं."

"चल, निघ."

"लाडात ठेव. पण घर ती चालवील असं समजू नको."

संध्याकाळी पाऊस झाला. पहाटे सव्वापाचला मी दोन जवानांसह वाट तपासायला लागलो. सहा वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही एका ओहळापाशी आलो. हा वाटेचा शेवटचा तुकडा. इथे पाच फूट रुंदीत पाणी वाटेवरून वाहून गेलं होतं आणि ताजा गाळ पसरला होता. खाली, तीनशे यार्डांवर, पार्टी उघड्या उतारावर थांबली होती. उजाडलं होतं. समोरच्या डोंगरावरच्या दुश्मनाच्या पोस्टवरून तो उतार दिसतो.

रेडिओ वाजला. पोस्टवरून सेकंड-इन-कमांड बोलत होते.

"पायोनियर, रास्ता कब खुलेगा? ओव्हर."

"दस मिनट, साहब. ओव्हर."

"पाँच. पार्टी खुले में बैठी है. ओव्हर."

"पाँच. रॉजर. आउट."

मी गुडघ्यावर बसलो. डावा हातमोजा काढून तळहात गाळावर ठेवला. वरून कोरडा होता. आतून पोकळ लागला. मी प्रॉडर काढला आणि दोन फूट तपासले. त्याला चार मिनिटं लागली. तीन फूट राहिले. मी उठलो आणि त्या तीन फुटांवरून डिटेक्टर दोनदा फिरवला. हेडफोनमध्ये काही आलं नाही. मी झेंडा लावला.

"रास्ता क्लिअर. ओव्हर."

पार्टी चढायला लागली. दत्ताराम सगळ्यात पुढे होता. पाठीवर रॉकेलचा जेरीकॅन. ओहळाच्या पलीकडे आल्यावर त्याने झेंड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नवरीनं वाट झाडली व्हय?"

मी मान हलवली. त्याने पाऊल टाकलं. सहा वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

तो सात दहापर्यंत होता. त्या वेळात तो एकदाच बोलला. "दादा, बाकीच्यांना थांबव." बाकीचे थांबलेलेच होते.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. सुरुंगात धातू नाममात्र होता, डिटेक्टरला सापडण्याइतका नव्हता. निष्कर्ष असा की तो पाण्याबरोबर वरून आला आणि उपकरणाने दाखवला नाही. मला विचारलं, "डिटेक्टर बजा था?" मी म्हणालो, "नहीं, साहब." उत्तर खरं होतं. तळहाताबद्दल कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. माझ्यावर ठपका आला नाही.

१९९६ला मी पेन्शनवर आलो आणि रोह्याच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागलो. कासूहून सकाळच्या गाडीने जायचो, शिफ्ट संपली की परत. कारखान्याचे मॅनेजर गोल्फ खेळणारे निघाले. कॉलनीमागच्या माळावर त्यांनी सहा होल आखले होते. ब्राउन मला करायला सांगितले. मी केले. या वेळी बूट घालून, रोलरने. पुरेसे सपाट झाले.

तिथे लक्षात आलं की मला तीन फुटांचा पट, म्हणजे पटरचा फटका, जमत नाही. वीस फुटांवरून चेंडू होलच्या कडेला जातो. तीन फुटांवर हात थांबतो. पीस स्टेशनला दहातले नऊ जायचे, आता चारही जात नाहीत. मॅनेजर साहेब सज्जन माणूस. ते म्हणाले, "म्हात्रे, दोष तुमच्या पटरचा आहे. डोकं हलकं आहे." त्यांनी जड डोक्याचा दिला. महिनाभर बरा गेला, मग हात पुन्हा थांबला. मी दांडा दोन इंचांनी कापला. जाड ग्रिप चढवली. मुंबईहून लांब दांड्याचा, छातीला टेकवायचा पटर मागवला. कॉलनीतले लोक म्हणायचे, "म्हात्रे मामा, हा पटर का खाडीतला बांबू?" प्रत्येक नव्या पटरने सुरुवातीला चेंडू गेला. नव्या सामानाचा गुण इतकाच की काही दिवस माणूस त्याच्याकडे बघतो, जमिनीकडे बघत नाही. जमिनीकडे बघायला लागला की संपलं.

कासूच्या पडीक मिठागरात मी एक ब्राउनही तुडवला. एकट्याने, अनवाणी. पावसाळा सोडून दर रविवारी तीन फुटांवरून शंभर चेंडू मारले. सुधारणा झाली नाही.

खांबला पहिल्यांदा गेलो तो पेन्शनीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. दत्तारामचं लग्न झालं नव्हतं. घरी आई एकटी होती. अंगणात वाल वाळत घातले होते आणि पाच नंबरच्या आयर्नने ती कोंबड्या हाकत होती. सायकलची ट्यूब तशीच होती. काळ्या ट्रंकेतून त्याच्या सामानाबरोबर क्लब घरी आला होता.

"ये रं बाबा. बस. ही त्याची काठी, कसली रं?"

"खेळायची, आई."

"वाकडी हाय. पण कोंबड्यांना बरी. खेळायचा बरा का?"

"बरा खेळायचा."

"जिकायचा?"

"नाय. पण जिंकला असता."

तिने चहा ठेवला. मग चुलीकडे तोंड करून विचारलं, "त्या दिवशी मशिन खराब व्हतं का रं?"

मी हे सांगायलाच गेलो होतो. कासूहून निघाल्यापासून तळहाताचं वाक्य तयार होतं. मी म्हणालो, "मशिन वाजलं नाय, आई."

"मंग तुझा काय दोष?" ती म्हणाली आणि कप पुढे केला.

त्यानंतर मी तीनदा गेलो. दर वेळी तेच वाक्य घेऊन गेलो आणि घेऊन परत आलो. एकदा तिचे पाय सुजले होते. एकदा घरी पाहुणे होते. एकदा काहीच कारण नव्हतं. दर वेळी तिने निघताना किलोभर वाल बांधून दिले. मी घेतले.

दोन वर्षांनी दिवाळीनंतर गेलो तर दाराला कुलूप होतं. शेजारची बाई ओट्यावर आली.

"कोन पायजे?"

"दत्तारामची आई."

"म्हातारी गेली की. भादव्यात. तुमी पेणचे हवालदार व्हय?"

"व्हय."

ती आत गेली आणि पाच नंबरची आयर्न घेऊन आली. "तुमाला द्यायला सांगून ठेवलं व्हतं. म्हनाली, माझ्या दत्तूला त्यानं सांभाळला."

मी ती घेतली. कोलाडपर्यंत जीपने आलो. नाक्यावर जेवणाची वेळ झाली होती. मी जेवलो नाही. रोह्याची गाडी पकडली.

ज्या एका माणसाला सांगायचं होतं ती आता नाही. तुम्हाला सांगून उपयोग नाही हे मला माहीत आहे.

लोक विचारतात, सामान कोणतं घ्यावं. मी विचाराल ते सांगतो. दांडा तुमच्या उंचीला बसतो का बघा, ग्रिप घट्ट धरू नका, नव्या क्लबला तीन महिने द्या. माझ्या बॅगेत आज नऊ क्लब आहेत. लांब पटर मी विकला. पाच नंबरची आयर्न बॅगेत असते, पण तिने मी एकही चेंडू मारलेला नाही. दीडशे यार्डांचं अंतर आलं की ती काढायला हवी. मी चार नंबर काढतो. चेंडू ब्राउनच्या पलीकडे गवतात जातो. मॅनेजर साहेब म्हणतात, "म्हात्रे, क्लब निवडायला कधी शिकणार?"

लान्स नाईक दत्ताराम शेलार, पायोनियर प्लाटून, राहणार खांब. वय सव्वीस. झेंडा मी लावला होता.