मॅडमचा उन्हाळा

मेजर भेटले की आधी रामराम नाही. आधी समोरच्याचा कान. डावा पंजा कानाला लावायचा, डोळे मिटायचे आणि देवळात कौल लागायची वाट पाहावी तसं गप्प उभं राहायचं. मग निकाल यायचा, "टेंपरेचर नॉर्मल. जय हिंद."

जनावराला कसर, म्हणजे बारीक ताप, आहे की नाही हे कानाला हात लावून बघायची आमच्याकडची रीत आहेच. पण मेजरांनी तीत माणसांचाही समावेश केला होता. मांडवात उभ्या नवरदेवाचा कान त्यांनी मुंडावळ्या बाजूला सारून तपासला आहे. प्रचाराला आलेल्या एका पुढाऱ्याचा कान धरून भर चौकात सांगितलं, "गरम हाय. सावलीला बांदा याला." त्या पुढाऱ्याचं डिपॉझिट गेलं, असं मी सांगतो. गावातले लोक म्हणतात, तो निवडून आला. तुम्ही माझं ऐका.

मेजर हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दाही नव्हे. पलूसच्या बाजूला फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच होतो. हे हवालदार होते आणि सारी नोकरी ट्रकवर काढलेली, त्यातली बरीचशी राजस्थानच्या वाळूत. मी गावच्या दूध डेअरीचा सेक्रेटरी. सकाळ-संध्याकाळ किटल्या उघडायच्या, फॅट बघायचं आणि लोकांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. मेजर दूध घालायला यायचे ते बूट चकाचक करून. किटली अशी ठेवायचे की जणू तोफेचा गोळा.

त्यांच्याकडं गाई दोनच. एक काकींची, म्हणजे मेजरांच्या बायकोची. वडूजकडच्या माहेराहून आलेली खिलार, हरणी. पांढरी, शिडशिडीत, शिंगं आभाळाला टेकलेली. दूध एवढंसं की मांजरानं तक्रार करावी. दुसरी मेजरांची, काळी-पांढरी, विलायती रक्ताची, कपाटाएवढी. तिचं नाव मॅडम. मॅडम एका वेळेला इतकं दूध द्यायची की माझ्या काट्याला घाम फुटायचा. तिच्याशी मेजर हिंदीत बोलायचे. "खडे हो जाओ, मॅडम." आणि ती खरंच उभी राहायची. बसलेली असली तर.

सगळ्या जगाचा उलगडा मेजर इंजिनावरून करत. आमच्या डेअरीच्या कट्ट्यावर त्यांचं एक भाषण ठरलेलं.

"सेक्रेटरी, म्हस म्हंजी पाण्यावर गार होणारं इंजन. तिला घाम न्हाई, म्हणून डबकं लागतं. गाय म्हंजी हवेवरचं इंजन. घाम येतो, वारं लागतं, घाम वाळतो, गाडी गार. कळलं का?"

"कळलं की. आन् बैल?"

"बैल म्हंजी डिपार्टमेंटची गाडी. त्येला कोण इचारतंय!"

पण माणूस नुसता बोलका नव्हता. चारा पोटात गेला की आत भट्टी पेटते, म्हणून भर दुपारी मॅडमला वैरण नाही. पहाटे आणि दिवस कलल्यावर. उन्हाळ्यात गाय बसत का नाही, उभीच का राहते? पोटाखालून वारं खेळावं म्हणून, हे मला मेजरांनी सांगितलं. हरणीच्या गळ्याखालची ती लोंबती पोळी दाखवून म्हणायचे, "ह्यो बग रेडिएटर. पातळ कातडं, रगात भायेर येतं, गार हुतं, परत आत. आन् आमच्या मॅडमला काय? पंजाबी स्वेटर घालून आल्यात बाई."

आमच्याकडचा चैत्र तुम्हाला सांगून पटणार नाही. डेअरीच्या पत्र्यावर कावळा बसला की आधी एक पाय उचलतो, मग दुसरा, अशी कवायत करत शेवटी उडून जातो. कुत्री विजेच्या खांबाच्या सावलीत उभी राहतात, एकामागं एक, रेशनच्या रांगेसारखी. अशा उन्हात मॅडम जीभ बाहेर काढून धापा टाकायची. तोंडातून लाळेची तार लागायची आणि दूध निम्म्यावर यायचं.

मेजरांचा मुलगा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. तिथंच फ्लॅट. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि मेजर तो स्पीकरवर टाकून कट्ट्यावरच बोलायचे, म्हणजे सगळं गाव साक्षीला.

"बाबा, बास करा आता. आईचे गुडघे गेले. साताऱ्याला या."

"ह्यो उनाळा मॅडमनं काडू दे. मंग पुन्हा सातारचं नाव काडायचं न्हाई."

"आन् न्हाई काढला तर?"

मेजरांनी छाती पुढं काढली. "तर दुसऱ्या दिवशी बिस्तरा बांधून येतो. फौजी जबान हाय."

तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. गावात कोण कशाला टाळ्या वाजवेल, त्याला काही धरबंध नाही.

आणि मेजरांनी बॅरेक उभारली. गोठा हा शब्द त्यांनी बंद केला. पत्र्यावर उसाचं पाचट, त्यावर चुन्याचा हात, आत दोन मोठे पंखे. आणि चारी बाजूंनी तरटाचे पडदे, म्हणजे पोती उसवून शिवलेले, वरून ठिबकच्या नळीनं सतत ओले राहणारे. वाळवंटातल्या छावणीत असेच ओले पडदे असत. बाहेर भाकरी भाजावी असं ऊन आणि आत थंडी वाजायची, असं त्यांनी सांगितलं. हा प्रयोग त्यांनी मेहुण्याकडं, वडूजला कोरड्या रानातही करून पाहिला होता. तिथंही चालला होता.

पहिले काही दिवस आमच्याकडंही चालला. कोरडी झळ सुटली होती. पडद्यातून आत येताना ती गार व्हायची. मॅडमची जीभ तोंडात गेली, दूध वाढलं. दुपारी गावातली रिकामी मंडळी पान खायला बॅरेकीत येऊन बसू लागली. एका म्हाताऱ्यानं तर तिथं शाल मागितली, हे मी स्वतः ऐकलं आहे. निदान ऐकल्यासारखं आठवतं.

जनावरांचे डॉक्टर एकदा डोकावून गेले. "मेजर, सोय झकास. पण वारं आत येऊ द्या बरं का. एक बाजू मोकळी ठेवा."

"वारं येतंय की, डॉक्टर. गाळून घेतोय."

हरणीला मात्र काकींनी बॅरेकीत पाऊल टाकू दिलं नाही. ती बाहेर चिंचेखालीच. त्यावरून नवरा-बायकोची रोज जुंपायची.

"आवं, त्या मॅडमलाबी दुपारचं हितंच बांदत जावा की."

"चिचंच्या सावलीला भोकं असत्यात. गोरी बाई हाय, करपंल."

"करपती का काय! गाय हाय का पापड?"

वैशाखात भाच्याच्या लग्नाला काकी वडूजला गेल्या. एस.टी.त चढताना, मी स्टँडवर होतो, पायरीवरून मागं वळून म्हणाल्या, "लय उकाडलं तर पडदं वर करा." मेजरांनी मान हलवली. काकींनी मान हलवलेली पाहिली आणि सुस्कारा सोडला. संसार इतका झाला की कोणती मान खरी, हे कळतं.

त्या दिवशी आभाळ भरून आलं, पण पडलं नाही. वारा मेला. आमच्या कृष्णाकाठाला चहूकडं ऊस, त्याला नुकतंच पाणी दिलेलं. जमिनीतून वाफ निघत होती. अंगातला घाम अंगावरच राहत होता, शर्ट पिळावा तर बादली भरेल. त्यात लाईट गेली.

संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली तरी मेजर आले नाहीत. बूट घातलेला तो माणूस कधी उशीर करायचा नाही, म्हणून डेअरी तशीच टाकून मी गेलो.

हरणी चिंचेखाली उभी होती. डोळे अर्धे मिटून रवंथ चाललेलं.

पडदा सारून मी आत डोकं घातलं आणि माझा चष्मा पांढरा झाला. मोदकपात्राचं झाकण उघडावं तशी वाफ तोंडावर आली. पंखे बंद. मेजर उघड्या अंगानं बादल्या भरभरून मॅडमवर ओतत होते, पडद्यांवर ओतत होते, पडद्याला कुठं फट दिसली तर तीही ओल्या पोत्यानं बुजवत होते. मॅडम मान लांब करून, तोंड उघडून धापा टाकत होती. लोहाराच्या भात्याला एवढा आवाज नसतो. अंगावरचं पाणी वाळायला जागाच नव्हती. ते तसंच कोमट होऊन खाली ओघळत होतं.

"सेक्रेटरी, बादली घे! पाणी कमी पडतंय!"

"मेजर, आवं पडदं काडा! हितं जीव गुदमरतोय."

"पाणी घाल म्हंतो न्हवं!"

मी बादली घेतली नाही. एका बाजूचा पडदा ओढला. शिवण पक्की फौजी होती, निघेना. विळ्यानं कापला. दुसरा कापला. तोवर शेजाऱ्यांनी बोलावलेले डॉक्टर मोटारसायकलवरून आले. मेजर माझ्या अंगावर धावून आले आणि अर्ध्यात थांबले. मॅडमचे पुढचे पाय दुमडले होते. डॉक्टरांनी सलाईन लावली, सगळे मिळून आम्ही सुपानं वारा घालत राहिलो. उशिरा थोडी झुळूक आलीही. तिच्या उपयोगाची नव्हती ती.

मेजर मॅडमच्या मानेजवळ बसले होते. मोठ्यानं बोलायची सवय असलेला माणूस हळू बोलायला लागला की ऐकणाऱ्याला पळून जावंसं वाटतं.

"हवेवरचं इंजन," ते म्हणाले. "मीच सांगत हुतो की रं सगळ्यास्नी. आन् मीच हवा बंद केली."

"मेजर, तुमी तिच्यासाठीच..."

"तेच तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी आल्या. स्टँडवरून चालत येतानाच त्यांना कळलं होतं. खाली टाकलेल्या तरटांच्या ढिगाकडं त्यांनी पाहिलं. मी वाट बघत होतो की आता ह्या बोलतील, हक्कच होता. काकी नवऱ्याशेजारी जमिनीवर बसल्या, गुडघा धरून, हळू.

"शेवटाला पाणी पिली हुती का?"

"पिली."

"बरं झालं."

तेराव्याला माणसं यावीत तसं गाव येऊन गेलं. साताऱ्याहून मुलगाही आला. त्यानं जबानीचं नाव काढलं नाही, उलट म्हणाला, "बाबा, दुसरी गाय बघू. मी येतो बाजारला तुमच्यासंगं." मी म्हणालो, कट्टा म्हणाला, म्हातारा शालवाला म्हणाला, राहा म्हणून. त्या टाळ्या आम्ही कशाला वाजवल्या, असं तेव्हा प्रत्येकाला वाटून गेलं असेल. मेजरांनी सगळं ऐकून घेतलं आणि लोखंडी ट्रंकेला कुलूप लावलं. हरणी टेम्पोनं वडूजला गेली, काकींच्या भावाकडं. बॅरेकीचे पत्रे कुणी कुणी नेले.

पौषात एका सरकारी कामासाठी साताऱ्याला गेलो होतो. काम झालं नाही, म्हणजे नेहमीप्रमाणंच झालं; म्हणून मेजरांकडं गेलो. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. सारी इमारत दारं-खिडक्या लावून बसलेली. यांचं दार सताड, खिडक्या सताड. थंडी इतकी की चहाची वाफ कपात परत जात होती. काकी स्वेटर, त्यावर शाल, त्यावर मफलर अशा अवतारात सोफ्यावर. मेजर बारीक झाले होते. माझ्या प्रश्नांना हो-नाही म्हणत होते. मी गावातल्या दोन थापा मारल्या, नेहमीपेक्षा मोठ्या. ते हसले. मी सांगितलं म्हणून हसले.

सुनेनं चादर धुतली होती, जाड सोलापुरी. तिनं ती खिडकीच्या गजांवर वाळत टाकली. खोली थोडी अंधारली. मेजर बोलता बोलता उठले, पाणी ठिबकणारी ती चादर ओढून खांद्यावर घेतली आणि जिन्यानं गच्चीवर गेले.

सून ओशाळून म्हणाली, "माझ्या ध्यानातच राहत नाही हो."

मी थांबलो. चहा संपला, दुसरा झाला.

"वाट नका बगू," काकी म्हणाल्या. "वाळंपतोर तितंच बसत्यात."

पौषातल्या उन्हात जाड चादर वाळायला संध्याकाळ होते. माझी पलूसची एस.टी. त्याआधीची होती.