व्याह्यांच्या देखत

चांदवडच्या मालनबाई भारी रीतीभातीच्या. कांदे काढायला आलेल्या मजुरांच्या पंगती हसत उठवतील, पण स्वतःला ढेकर आला तर तो तोंडातल्या तोंडात जिरवतील. बाईच्या पोटाचा आवाज भिंतीलाही कळू नये, ही सासूची शिकवण त्यांनी जन्मभर पाळली. यंदा पोटानेच दगा दिला. आतड्याला पीळ पडला आणि नाशिकच्या दवाखान्यात ऑपरेशन करून तो सोडवावा लागला.

ऑपरेशन झकास झाले, पण तोंडात पाण्याचा थेंब पडेना. डॉक्टर चैताली म्हणाल्या, "आजी, आतड्यांना हात लागला की ती रुसतात. एरवी खाल्लेलं पुढे ढकलायला त्यांच्यात सारख्या लाटा उठतात, त्या थांबतात. वारा सरला की समजायचं, लाटा सुरू झाल्या. मग पाणी, मग पेज."

मालनबाईंनी लाजेने डोळेच मिटले. कारण खाटेशेजारच्या स्टुलावर लेकीचे सासरे, सटाण्याचे सावळीरामआप्पा बसले होते. माणूस देवासारखा, पण विहीणबाईंची विचारपूस करायला सकाळी आले की जागचे हलायचे नाहीत.

एके दिवशी पहाटे आतड्यांचा रुसवा गेला. मालनबाईंचा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टरांनी येऊन खणखणीत आवाजात विचारले, "काय आजी, सरला का वारा?" आणि समोर आप्पा!

"नाय बाई," मालनबाई पुटपुटल्या.

झाले, पुन्हा उपास. शेजारच्या खाटेवर खिचडी आली, इकडे पोटात कावळे ओरडू लागले, तरी बाई मूग गिळून गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा "नाय". डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग नाकातून नळी घालू. कदाचित पोट पुन्हा उघडावं लागेल."

मुलगा रवी भिंतीला टेकला. एवढा बाप्या गडी, त्याचे ओठ थरथरू लागले. ते पाहून मात्र आईला राहवेना.

"सरला!" मालनबाई ओरडल्या. "कालच सरला! आज तर दोनदा सरला!"

आप्पांनी वर बघून हात जोडले, खिशातून मोबाइल काढला आणि सटाण्यापर्यंत फोनशिवायही ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला अहिराणीत खुशखबर दिली, "तेजल, तुनी मायना वारा सरना व!"

मालनबाईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले. चादर तोंडावर ओढायला त्यांनी हात उचलला, तेवढ्यात रवीने पाण्याचा चमचा पुढे केला. मालनबाईंनी चादर सोडून दिली, आणि व्याह्यांच्या देखत मोठ्ठा आ केला.