दातारकाकांची पपई आणि माझी राहिलेली दुरुस्ती

माझ्या गॅलरीतल्या मिरचीवर मावा पडला आहे, आणि त्यावर फुकट सल्ला देणारा कोथरूडमधला एकमेव तज्ज्ञ काल सकाळी मला न विचारता गेला.

ही गैरसोय मी अत्यंत गांभीर्याने नोंदवते आहे.

डॉ. दातार. आमच्या वरच्या मजल्यावरचे दातारकाका. झाडांच्या रोगांचे शास्त्रज्ञ.

पपईला एक विषाणू लागतो. मावा तो झाडोझाड पोचवतो. पानं आखडतात, फळांवर गोल गोल डाग पडतात, शेवटी बाग उपटावी लागते. औषध नाही.

काकांनी अर्धं आयुष्य घालवून हा रोग न होणारी पपई तयार केली. त्या विषाणूच्याच एका जनुकाचा छोटासा तुकडा झाडात घालून. झाड तो ओळखून ठेवतं आणि खरा विषाणू आला की दारातच अडवतं.

एवढं सगळं त्यांनी मला जिन्यात उभं राहून समजावलं.

मी त्यावर विनोदी लेख लिहिला. ‘रोग भरलेली पपई’. सर्दी होऊ नये म्हणून पपईत सर्दीच भरली, वगैरे.

लाइक्स भरपूर. मी खूश.

आठवड्याभरात तोच लेख फॉरवर्ड होत होत माझ्याकडे परत आला. माझं नाव काढलेलं. विनोदही काढलेला. उरली होती फक्त सूचना: सावधान, विहिरीत रोग उतरतो!

काकांचं चाचणीचं शेत धायरीच्या पलीकडे होतं. निवृत्तीआधीची शेवटची चाचणी. गावाने बैठक बोलावली.

काका माझ्या दारात आले. “चला, लेखिकाबाई. गंमत होती म्हणून तुम्हीच सांगा. माझं कोण ऐकतंय?”

मी गेले. मागच्या खुर्चीत बसले.

शेजारच्या शेताचे मालक, अण्णा, हातात प्रिंटआउट घेऊन उभे राहिले. “सायेब, तुमचा मान हाय. पर ह्यो रोग आमच्या हिरीत उतरला तर? हितं छापलंय न्हवं!”

काका माझ्याकडे बघत होते.

मी मोबाइलकडे.

‘हे मी लिहिलंय’ एवढे तीन शब्द. एरवी माझी जीभ कशी चालते ते तुम्ही सगळे जाणताच.

परवानगी मागे घेतली गेली. झाडं तोडायची, फळं मोजायची, जाळायची, कागदावर सही करायची. नियमच तसा. चाचणीतलं फळ कोणीही खायचं नाही. ज्याने घडवलं त्यानेसुद्धा.

“काका, एकदाही चाखली नाहीत?” मी नंतर जिन्यात विचारलं.

“छे हो. परवानगी कुठे होती?” दोन पायऱ्या चढून थांबले. “लेख बरा होता तुमचा. फक्त एक दुरुस्ती छापा. सवडीने.”

पुण्याचा माणूस ‘सवडीने’ म्हणतो तेव्हा त्याला ते आजच हवं असतं. मला हे कळत होतं.

सात वर्षं मला सवड झाली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

तर आज:

दुरुस्ती. ‘रोग भरलेली पपई’ हा लेख माझा होता. त्या पपईत रोग नव्हता. विषाणूच्या एका जनुकाचा तुकडा होता, त्याने रोग होत नाही, आणि तो विहिरीत उतरून कोणालाही काही करत नाही. काकांनी हे मला लेखाआधीच सांगितलं होतं. चूक माझी. फॉरवर्ड करणार असाल तर कृपया नावासकट करा.

दुपारी हेच छापून, खाली सही करून, धायरीला अण्णांच्या हातात दिलं. काका गेल्याचंही सांगितलं. अण्णांनी कागद दोनदा वाचला.

“मंजी तवा मागल्या खुर्चीत बसल्याल्या त्या बाई तुमीच?”

“हो.”

त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

“सायबांच्या म्होरं बोलायचं व्हतं की, ताई.”

काका, नमस्कार करते.