आत्या आणि मोडलेले धंदे

आमच्या आत्याचा पाय एका जागी कधी ठरला नाही. चहासुद्धा ती अंगणात फिरत फिरत प्यायची. "बस की जरा," म्हटलं तर म्हणायची, "बसून इचार येत न्हाई मला." हसनाबादेत तिच्याइतके धंदे कुणी मांडले नसतील आणि मोडलेही नसतील. लोक तिला धरसोड करणारी म्हणायचे. मला राग यायचा, कारण मिरची कांडपाचं यंत्र तिनं कसं धरून ठेवलं ते मी पाहिलं होतं.

पहिल्या उन्हाळ्यात त्या यंत्रातून तिखट काळपट यायचं. बायका एकदा येत आणि पुढच्या वेळी भोकरदनला जात. आतोबा यंत्र विकायला निघाले. "बिलकुल न्हाई," आत्या म्हणाली, "चूक माझ्याच हातातली हाय. सापडंस्तोवर सोडायची न्हाई मी." घरची मिरची नासवून तिनं ती चूक शोधलीच. जल्दीच्या नादात ती भसकन मिरची ओतायची, यंत्र तापायचं आणि मिरची करपायची. मग ही बाई चक्क दमानं घ्यायला शिकली.

तिच्या भरवशावर मी जालन्यातली बियाणे कंपनीतली नोकरी सोडली आणि आम्ही दोघींनी रेशमाच्या अळ्यांची शेड उभारली. पहिल्याच खेपेला शेजारच्या दादारावांनी कपाशीवर औषध फवारलं. वाऱ्यानं ते आमच्या तुतीवर आलं आणि तो पाला खाऊन अळ्या मेल्या. आत्या त्यांच्या बांधावर गेली. माणूस भला होता. "वहिनी, माझं पीक किडीला देऊ का मंग?" त्यांनी विचारलं. आत्या तशीच माघारी आली.

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. मेलेल्या अळ्या खड्ड्यात लोटून आत्या म्हणाली, "तुती उपटायची." मी कडाडून भांडले. कांडपाच्या वेळी का नाही सोडलंस, असं विचारलं.

"ते माझ्या हातात व्हतं. हे दुसऱ्याच्या फवाऱ्यावर हाय."

तिनं तुती उपटलीच, आणि पुढच्या साली दादारावांनी कपाशी मोडून ज्वारी घेतली. मी तणतणत तिच्याकडं गेले. ज्वारीला फवारा फारसा लागत नाही, एक वर्ष थांबायचं होतं, म्हटलं.

"ज्वारी पेरणार, हे त्यांनी तवाच सांगितलं व्हतं मला," ती शांतपणे म्हणाली. "पण दर साली त्यांच्या रानाकडं बघून झोपायचं का आपण?"

मला ते पटलं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात आत्या गेली. मी आता भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी चालवते. यंदा रोपं वीतभर होतात आणि माना टाकतात. बियाणं बदललं, माती बदलली, पाणी तपासून आणलं. चूक माझ्या हातातली आहे की बाहेरची, काही कळत नाही. उद्या नवे वाफे पेरायचे की फाटकाला कुलूप घालायचं, ते आजच ठरवायला हवं. आत्या असती तर सरळ हसनाबाद गाठलं असतं, तिच्याशी भांडले असते, चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि येताना मनाशी पक्कं ठरवूनच आले असते. आज मला कुणी भांडायलाच नाही.