बंद पेटी आणि इस्त्रीचे शर्ट

ते तिघं दुपारी आले. दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद होती, चार मजले चढूनही गणवेशातल्या त्या माणसांपैकी कोणी पाणी मागितलं नाही. मी मेथी निवडत होते. त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीचं, शैलाचं नाव विचारलं आणि मला कळलं की तिचा ओंकार गेला. लढाऊ विमान चालवायचा. सत्ताविसावं चालू होतं. शैला बँकेत नोकरीला, नवरा लवकर गेलेला, म्हणून पोराला मीच वाढवलं. मी चौथी शिकलेली बाई. शैलाने लिही म्हटलं म्हणून लिहिते आहे.

पोरगा खोटारडा होता, हे आधी सांगते. मेला म्हणून गोडच बोलायचं, हे मला जमत नाही. लढाई सुरू झाल्यावर व्हिडिओवर म्हणाला, "मावशी, मी तर ऑफिसात फाइली बघतोय. बिल्कुल सेफ." मी म्हटलं, "मग नाकागालांवर वळ कसले?" "झोपलो होतो यार, उशीचे." "उशी तोंडावर बांधून झोपतोस काय रे?" इतका हसला की फोन हातातून पडला. वळ विमानातल्या मास्कचे होते. मला ते ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही... तेच आमचं शेवटचं बोलणं.

पेटी आली ती बंद. उघडता येणार नाही म्हणाले. मी सगळ्यांदेखत विचारलं, "का? आत कोण आहे ते आम्ही कसं ओळखायचं?" माझी खोड जुनीच, भाजीवाल्याचा काटाही मी दोनदा बघते. पण शैलाने ते बोलणं धरून ठेवलं. अग्नी दिला तरी तिचं एकच, "ताई, तो पलीकडे उतरला असेल. पकडला असेल. हे लोक सांगत नाहीयेत." बँकेत जाणं तिने सोडलं. मी तोंड उघडलं नसतं तर... पण उघडलं, आणि खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती.

महिन्याने त्याचा मित्र गुरप्रीत ट्रंक घेऊन आला. हवाई दलात गेलेल्याची खोली बरोबरचे वैमानिकच आवरतात. ट्रंक उघडली तर सगळे शर्ट धुतलेले, कडक इस्त्रीचे. ओंकारचा शर्ट म्हणजे चुरगळलेला, कॉलर काळी. "हे त्याचे नाहीतच," मी म्हटलं. शैलाने चटकन माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर आशा होती, आणि ती बघून मीच घाबरले. गुरप्रीत खाली बघत म्हणाला, "मौसीजी, मैंने धुलवाए. सोचा, माँ को मैले कपड़े कैसे दूँ."

"कुणी सांगितलं होतं रे धुवायला?" मी मराठीतच ओरडले. त्याला कळलं.

मग शैलाला तिथेच बसवून मी गुरप्रीतला विचारलं, "तूने खुद देखा?" तो 'जी' म्हणाला. ओंकारच्या मागच्या विमानात तोच होता. ओंकारचं विमान आपल्याच हद्दीत पडलं, त्याने उडी घेतली पण हवाई छत्री उघडली नाही. "मैं देखता रहा, मौसीजी. खुलनी चाहिए थी." आणि पेटीत? "थोड़ा ही था. पर उसी का था. मैं साथ था." खोटं बोलणारा माणूस एवढं कमी बोलत नाही. मला पटलं. शैला म्हणाली, "ताई, आता काही विचारू नकोस." मी उठून त्या पोराला जेवायला वाढलं. तो दोन पोळ्या जेवला, शैला त्याच्याकडे बघत बसली.

संध्याकाळी ती ओंकारच्या खोलीत गेली. शेवटच्या सुट्टीत तो झोपला होता ती चादर पलंगावर तशीच होती. आल्यावर लागेल म्हणून तिने मला हात लावू दिला नव्हता. आता तिने ती स्वतः काढली, घडी घातली आणि कपाटात सगळ्यात खाली ठेवली. मळली होती, उशीकडे डोक्याच्या तेलाचा डाग होता. मी ती धुवायला मागितली नाही.