प्रत माहितीसाठी

आमच्या संस्थेत भांडणं मेलमधल्या मजकुरावरून होत नसत, मेल पाठवला होता की नव्हता यावरून होत. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत संस्थेच्या काही शाळा आणि दोन वसतिगृहं आहेत. त्यांचा मेलचा सर्व्हर मी आसनगावात बसून सांभाळतो, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकतो. ‘मी कळवलं होतं’ आणि ‘मला आलंच नाही’ ऐकून माझे कान किटले होते. शेवटी कार्यकारिणीला विचारून मी एक सोय केली. कोणीही कोणालाही मेल पाठवला की त्याची प्रत आपोआप एका वेगळ्या पेटीत जाऊन पडायची. पाठवणाऱ्याला काही करावं लागत नसे आणि ती पुसताही येत नसे.

सगळ्यांना तसं रीतसर कळवलं: आपल्या प्रत्येक मेलची प्रत मुख्य कार्यालयात जमा होईल. लगेच मुख्याध्यापक मंडळी जपून लिहू लागली, काहींनी तर मेल सोडून फोन धरला. मला हसू यायचं. तंटा झाला तरच पेटी उघडायची असं ठरलं होतं, त्यामुळे ती कोणी वाचत नसे.

डोळखांबकडच्या वसतिगृहाच्या बाईंनी मात्र हात आखडला नाही. बाई तिथल्याच एका पाड्यावरच्या, स्वतः वसतिगृहात राहून शिकलेल्या. आपल्या मुख्याध्यापकांना त्या मोबाइलवरून लांबलचक मेल लिहीत.

दिवाळीनंतर त्या भागातली माणसं भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात, पोरंही बरोबर नेतात आणि त्यांची शाळा तिथेच सुटते. यंदा बाईंनी नऊ पोरांच्या आयांना गाठून सांगितलं, पोर माझ्याकडे ठेवा. मंजूर जागा तर आधीच भरलेल्या. काही दिवसांनी आमचे चिटणीस तपासणीला गेले, ते जास्तीची अंथरुणं पाहून भडकले. परवानगी कोणाची, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, “तुमाला म्हाईत हाय की, सर.”

शहापूरला बैठक बसली. पोरांना आईबापांकडे भट्टीवर पोचवायचं आणि बाईंना कामावरून कमी करायचं, असा ठराव तयारच होता. मला पेटी उघडायला सांगितलं. बाईंचे मेल होते, एक सोडून चार. शेवटी प्रत्येकात एकच ओळ: संस्थेची हरकत असल्यास कळवावे. मुख्याध्यापक म्हणाले, हा संस्थेचा प्रश्न, म्हणून मी गप्प बसलो. चिटणीस म्हणाले, मग संस्थेला कुठे लिहिलंय?

“प्रत तुमच्याकडं जाते ना?” बाई म्हणाल्या. “या भाऊंनीच कळवलं व्हतं. कचेरीत कागद दिला नि त्याची प्रत वरच्या सायबाला गेली, म्हंजे सायबाला कळलं. हरकत आली नाय, म्हनून पोरं ठेवली.”

यात त्यांचं काय चुकलं? आमच्याकडे कागदाच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ लिहिलं की वरच्याला कानावर हात ठेवता येत नाही. त्या टेबलाभोवतीच्या निम्म्या लोकांनी नोकरीभर अशा प्रती पाठवून आपली कातडी वाचवली होती. माझं डोकं फिरलं आणि मी ते बोलून दाखवलं.

“प्रत आली असेल,” चिटणीस म्हणाले. “वाचली कोणी?”

“कोणीच नाही,” मी म्हणालो. “ती वाचायला नसते, ठेवायला असते.”

बाई माझ्याकडे वळल्या. “म्हंजे मी येवढं लिवत व्हते, ते कोनीच वाचलं नाय?”

मला फार वाईट वाटलं. त्यांची बाजू मांडता मांडता मीच त्यांना हे सांगून बसलो होतो.

चिटणिसांनी शेवटचा मेल मोठ्याने वाचायला लावला. त्या नवांतली एक मुलगी संध्याकाळी आईची वाट बघत एसटीच्या थांब्यावर जाऊन बसते, म्हणून बाई तिला स्वयंपाकघरात तांदूळ निवडायला घेतात. आता ती एसटीचा आवाज आला तरी उठत नाही, असं त्यात होतं. वाचून झाल्यावर ठरावाचा विषय कोणी काढेना. “होळीपर्यंत राहू देत पोरं,” चिटणीस म्हणाले, “आणि बाईंचंही आहे तसंच चालू दे.”

आता डोळखांबचे मेल मी रोज सकाळी उघडतो. पटावर किती, हजर किती, आजारी कोणी नाही, एवढंच असतं. परवा न राहवून मी फोन केला. ती मुलगी बरी आहे म्हणाल्या. मग पूर्वीसारखं लिहीत का नाही, असं मी विचारलं.

“ठेवायलाच लागतंय ना, भाऊ?” बाई म्हणाल्या. “मंग तेवढं पुरे.”