देऊळघाट ते नांदुरा, आडवं पडून

दिवाळीनंतर चार दिवस सुट्टी होती आणि खिशात सहा हजार होते. एवढ्यात दोघांना कुठलंही हॉटेल दोन दिवसांपलीकडे ठेवून घेत नाही, म्हणून व्हॅनने जायचं ठरलं. आमची व्हॅन म्हणजे शाळेची जुनी पिवळी गाडी. मागच्या सीट काढून नितीनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्या जागी प्लायवूडचा सहा फुटी पलंग ठोकला. पलंगाखाली शेगडी, दोन पातेली, पाण्याचा वीस लिटरचा कॅन आणि कपडे. उंचीमुळे आत फक्त बसता किंवा झोपता येतं. उभं राहायचं असेल तर बाहेर जावं लागतं.

इंटरनेटवरच्या कॅम्परव्हॅनमध्ये बायका पांढऱ्या चादरीवर बसून कॉफी पितात. आमच्यात मी बसले की नितीनला पाय कुठे ठेवायचे ते कळत नाही.

पहिला दिवस: संभाजीनगरहून सकाळी सहाला निघालो. जालना, सिंदखेडराजा करत अकराला लोणार. रस्ता बराचसा चांगला आहे. सरोवराकडे उतरायचं असेल तर उन्हाआधी उतरा, कारण चढताना विवराची खोली गुडघ्यांना कळते. जेवण पिठलं, भाकरी, ठेचा, दोघांचं मिळून दोनशे. एका लॉजच्या आवारात शंभर रुपयांत गाडी लावायला जागा आणि सकाळी बाथरूम मिळालं. तिथल्या वॉचमनकाकांनी आमचा पलंग पाहिला, मग नितीनला बाजूला घेऊन विचारलं, "घरच्यांसंग भांडण झालं का?"

"नाही हो, फिरायला आलोय."

"मग गाडीत काऊन झोपता?"

नितीनने बजेट समजावून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि सल्ला दिला, "बापाची माफी मागून टाका. बाप लोक ऐकतात."

दुसरा दिवस: मेहकर, चिखली, बुलढाणा. बुलढाण्यात चहा घेतला. रस्त्यांवर गर्दी होती आणि आम्हाला शेताकडेला थांबायचं होतं, म्हणून दहा-बारा किलोमीटर पुढे देऊळघाटला गेलो. तिसऱ्या दिवशी बोथ्याच्या जंगलातून शेगाव आणि तिथली कचोरी असा बेत पक्का होता. कचोरीसाठी मी वेगळे पैसेसुद्धा काढून ठेवले होते.

गावाच्या अलीकडे रस्त्यालगत एक बाई वांगी आणि मेथी घेऊन बसली होती. मागे तिचंच शेत. वय चाळिशीचं, नाव संगीता. पाव किलो वांगी तोलता तोलता तिने विचारलं, "गाडीत काय हाये?"

मी मागचं दार उघडून दाखवलं. येताजाता सगळेच बघायचे, हसायचे, फोटो काढायचे. संगीताताई हसल्या नाहीत. त्यांनी तराजू खाली ठेवला, चपला काढल्या, आत चढल्या आणि पलंगावर सरळ आडव्या झाल्या. हात अंगालगत. एकदा या कुशीवर, एकदा त्या. मी आणि नितीन बाहेर उभे.

मग झोपल्या झोपल्याच त्या म्हणाल्या, "सासूबाईच्या मापाचा हाये."

त्यांच्या सासूबाई शेवंताबाई. दीड वर्षापूर्वी न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाच मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाही. तेव्हापासून घराच्या बाहेर पडल्या नव्हत्या. त्यांचा धाकटा भाऊ महादेव नांदुऱ्याला. त्याला त्याच सुमारास लकवा झाला, उजवी बाजू गेली. दोघंही अंथरुणात, मध्ये पन्नासेक किलोमीटर आणि राजूरचा घाट. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. पण त्याला हातात फोन धड धरवत नसे.

"मले निस्ता पंखा दिसते," शेवंताबाईंनी आम्हाला घरी गेल्यावर सांगितलं. "दीड वर्ष झालं, मी पंख्यासंगच बोलून राह्यली."

"अॅम्ब्युलन्स नाही का मिळत?" मी विचारलं.

"मिळते ना. यानं आणली होती." त्यांनी मुलाकडे, रमेशभाऊंकडे, बोट केलं. "मीच नाही बसली. अॅम्ब्युलन्स दारात लागली का नांदुऱ्यात रडारड सुरू होईन. बोलायच्या आधी अर्धा तास सगळ्याइले गप करण्यात जाईन."

मग त्यांनी आम्हाला काही मागितलं नाही. मागितलं संगीताताईंनी. सासूला त्या आत्या म्हणतात. "उद्या नेता का आत्याले? पेट्रोल आम्ही टाकू."

नितीन मला अंगणात घेऊन गेला. त्याचा मुद्दा बरोबर होता. आपली ओळख दीड तासाची. घाट आहे. म्हातारीला रस्त्यात काही झालं तर काय करायचं? मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारू." रमेशभाऊंनी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, जाड गादी, गुडघ्यांमध्ये उशी, गाडी हळू आणि दर अर्ध्या तासाला थांबा. नितीनचा बहाणा संपला. मला वाटतं, त्याला तो संपायलाच हवा होता.

त्या रात्री त्यांनी आम्हाला गाडीत झोपू दिलं नाही. पाहुणे गाडीत झोपले तर गाव काय म्हणेल, असा प्रश्न होता. आम्ही पहिल्यांदाच कॅम्परव्हॅन घेऊन घरात झोपलो.

तिसरा दिवस: सकाळी आठला चौघांनी चादरीच्या झोळीतून शेवंताबाईंना पलंगावर ठेवलं. त्यांच्याच जुन्या लुगड्याने सैलसर बांधलं. संगीताताई पायाशी, मी उशाशी, नितीन आणि रमेशभाऊ पुढे. बुलढाणा ओलांडून राजूर घाट लागला. ताशी पंधराच्या वेगाने घाट उतरणारी पिवळी शाळेची गाडी बघून मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्नमधून बरंच काही सांगितलं. शेवंताबाईंना खिडकीतून फक्त झाडांचे शेंडे दिसत होते. त्या डोळे मोठे करून ते बघत होत्या.

अर्ध्या घाटात ब्रेकचा वास यायला लागला. थांबलो. शेवंताबाईंचे ओठ पांढरे पडले होते, कपाळावर घाम. मी विचारलं, "दुखतंय?"

"हाव."

नितीन मागे आला. "आजी, परत जाऊया. मी हळू नेतो."

"मांगं फिरलं तरी तेवढेच खड्डे लागतीन," त्या म्हणाल्या. "समोर चाल. समोर तरी भाऊ हाये."

वीस मिनिटं ब्रेक थंड केले, दुखण्याची गोळी दिली, आणि निघालो. मोताळ्यात पुन्हा थांबलो, चहा घेतला. शेवंताबाईंनी बशीतून दोन घोट घेतले आणि चहात साखर कमी आहे असं सांगितलं. त्यावरून त्या ठीक आहेत हे कळलं.

नांदुऱ्यात साडेअकराला पोचलो. भावाचं घर बोळात, आणि बोळ आमच्या गाडीपेक्षा अरुंद. शेवंताबाईंना आता आणखी हलवणं शक्य नव्हतं. मग भावालाच त्याच्या बाजेसकट बाहेर आणलं. पण बाज रस्त्यावर टेकली की तो खाली आणि ही वर. त्याला आभाळ दिसे, हिला गाडीचा टप.

शेजारी एक केळीवाले उभे होते. त्यांनी थोडा वेळ हे पाहिलं, मग हातगाडीवरची केळी उचलून आमच्या बॉनेटवर मांडली आणि रिकामी हातगाडी मागच्या दाराशी लावली. बाज तिच्यावर चढवली. उंची बरोब्बर जुळली. केळीवाले गाडा हलू नये म्हणून दांडी धरून उभे राहिले.

बहीण-भावाच्या तोंडांमध्ये वीतभर अंतर होतं. शेवंताबाई म्हणाल्या, "याची दाढी कोणं केली? गालावर राह्यली ना."

महादेवमामा काहीतरी पुटपुटले. त्यांच्या बायकोने उलगडून सांगितलं, "ते म्हणतात, अक्का, तू जाडी झाली."

"पडूनच हावो ना बे! बारीक कशी होईन?"

मामा हसले. चेहऱ्याची एकच बाजू हसली. शेवंताबाईंनी हात लांबवून न हसणाऱ्या गालावर ठेवला आणि तासभर काढला नाही. बोलणं कापसाचं, कोणाच्या लग्नात कोण रुसलं त्याचं, आणि लहानपणी विहिरीत पडलेल्या कळशीचं. ती कोणी पाडली यावर एकमत झालं नाही.

मला बघवेना. मी गाडीच्या पुढे गेले आणि केळी विकली. चार डझन गेली. एका बाईंनी भाव जास्त लावला म्हणून मला सुनावलं. त्यांचं बरोबर असावं.

निघताना कोणी रडलं नाही. मामांनी डाव्या हाताने बहिणीचा पदर धरला होता, तो मामींनी एकेक बोट करून सोडवला. परतीचा घाट चढाचा, त्यामुळे ब्रेकला त्रास झाला नाही. शेवंताबाई मोताळ्यापासून घरापर्यंत झोपल्या.

चौथा दिवस: शेगाव राहिलं. धाड, भोकरदनच्या रस्त्याने दुपारी घरी पोचलो. खर्च साडेचार हजारांत आटोपला, कारण दोन दिवस आमचं जेवण आणि निम्मं पेट्रोल दुसऱ्यांनी भागवलं. अशा बजेटची शिफारस मी करू शकत नाही. ते ठरवून जमत नाही.

जानेवारीत संगीताताईंचा फोन आला. महादेवमामा गेले, झोपेतच. मी शेवंताबाईंशी बोलायचं धाडस करत नव्हते, पण त्यांनीच फोन मागून घेतला.

"रमेश म्हणे, तेरवीले नेतो, गाडी पाहतो," त्या म्हणाल्या. "मी नाही म्हटलं. आता तिथं भेटाले कोण हाये? ज्याले भेटायचं होतं, त्याले भेटून आली मी."

मी बाहेर जाऊन नितीनला सांगितलं. तो गाडी पुसत होता. त्याने पुसणं थांबवलं नाही. फक्त मागच्या दाराशी त्याला बराच वेळ लागला.